तुझी पाठ कोण बघतं?

"पोरीला न्हाऊ घालताना तिचं बोट न् बोट निरखतेस, ते चांगलंच आहे. पण तुझी पाठ कोण बघतं गं?"

यमुनाबाईंनी हे विचारलं तेव्हा रेवती तीन महिन्यांची होती. सुनेचं बाळंतपण आटोपून त्या परत निघाल्या होत्या, एडिनबराच्या विमानतळावर बॅगांचं वजन चाललं होतं, आणि मीनलनं ते बोलणं हसण्यावारी नेलं. सासूबाई संगमनेरकडच्या. दारात गुरं असायची, आणि रानातून आलेल्या जनावराच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय त्यांनी ते कधी गोठ्यात घेतलं नव्हतं. माणसांनाही त्यांचा तोच नियम. सून वनस्पतीशास्त्राची एम.एस्सी., लग्नाआधी कॉलेजात शिकवत होती, आणि दिसेल त्या गवतात फतकल मारून बसायची तिची खोड यमुनाबाईंनी मुक्कामात पाहून ठेवली होती. रानातून आलं की अंग चाचपून घरात यायचं, आणि जिथं आपला हात पोचत नाही तिथं दुसऱ्या कुणाचा तरी पोचला पाहिजे, असं त्या बजावून गेल्या.

"तुझ्या आईनं मला गोठ्यात बांधलंय," असं मीनलनं परतीच्या बसमध्ये श्रीकांतला सांगितलं. दोघं खूप हसले. पुढं सासूबाईंचं ते विचारणं घरातलं हुकमी वाक्यच झालं. मोजा सापडला नाही, दूध उतू गेलं, की श्रीकांत गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "पण पाठ कोण बघतं?"

एक्क्याण्णवच्या जुलैत तिघं स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, हायलंड्सला गेले. बरोबर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, थर्मास आणि पावसासाठी घरात होतं नव्हतं ते सगळं. डोंगराच्या उतारावर कमरेएवढं नेच्याचं रान होतं, आणि त्यातून हरणांच्या वाटा गेलेल्या. मीनल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात शिरली ती दुपार कलली तरी बाहेर येईना. पानं उलटी करून तिनं रेवतीला पाठीमागची तपकिरी नक्षी दाखवली. रेवती तेव्हा तीन वर्षांची. तिनं ती नखानं खरवडून नाकाला लावली.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी चहा देता देता सांगितलं, की पोरांची अंगं बघून घ्या, या गवतात टिक असतात. टिक म्हणजे गोचीड, एवढं मीनलला कळत होतं. तिनं रेवतीला दिव्याखाली उभं केलं. कानामागं, काखेत, जांघेत, केसांच्या मुळाशी, सगळीकडं पाहिलं. मोज्याच्या काठावर तिळापेक्षाही बारीक एक ठिपका चालताना दिसला. तो तिनं चिमटीत धरून शेकोटीत टाकला, आणि आपण किती दक्ष आई आहोत या समाधानात ती झोपली. स्वतःच्या पायांकडं तिनं पाहिलं नाही. पोटरीची मागची बाजू तशीही आपली आपल्याला दिसत नाही. श्रीकांतला बघायला सांगावं हे तिला सुचलं नाही. सुचलं असतं तरी हसू आलं असतं.

ऑगस्टमध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानात स्कर्ट घालून बघताना तिन्ही बाजूंच्या आरशांत तिला तिचीच पोटरी दिसली. मागच्या बाजूला बशीएवढं एक वर्तुळ होतं. तिच्या गव्हाळ कातडीवर ते लालही दिसत नव्हतं. जांभूळ सांडून पुसल्यासारखी एक कड, आणि मधे नेहमीचा रंग. मीनलनं झटकन स्कर्ट उतरवला. गजकर्ण. दुसरं काय असणार.

परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात इंडियाची औषधं असतात. कुणीही येणारं असलं की आपण मागवतो, आणि इथल्या डॉक्टरला सांगत नाही. त्या डब्यातली मलमाची ट्यूब तिनं काढली. स्वतःचा टॉवेल वेगळा केला, कपडे उकळले, रेवतीला मांडीवर घेणं टाळलं. श्रीकांतला अवाक्षर बोलली नाही. गजकर्ण म्हणजे अस्वच्छपणा, ते हॉस्टेलमधल्या मुलींना व्हायचं आणि त्या ओढणीखाली लपवायच्या. ते आपल्याला, एम.एस्सी. झालेल्या बाईला, एका लहान लेकराच्या आईला व्हावं याची तिला भयंकर लाज वाटली. खरं तर गजकर्णाची बुरशी तिनं मुलांना शिकवली होती. कडेला कोंडा असतो, खाज सुटते, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. या वर्तुळाला ना कोंडा होता ना खाज. पण जे लपवायचं असतं त्याकडं माणूस नीट बघत नाही. काही आठवड्यांत वर्तुळ पसरत पसरत विरून गेलं, आणि तिनं मलमाला मनातल्या मनात शाबासकी दिली.

मग दुखणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, घरात उंदीर शिरल्यासारखं झालं. आज गुडघ्यात खुडबूड, उद्या मनगटात. परवा कुठंच नाही आणि तेरवा छातीत धडधड. रात्री घामानं उशी भिजायची आणि सकाळी बादली उचलताना हात लटपटायचे. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दगडी गोल जिना, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर मीनल कठड्याला टेकून उभी. शेजारणींना वाटे ही पत्रं वाचते आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे शब्द हरवायचे. "ते दे गं, ते... ज्यानं ढवळतात." रेवती चमचा आणून द्यायची.

तिनं बरेच महिने ते अंगावर काढलं. डॉक्टरकडं गेली तेव्हा त्यांनी रक्त तपासलं, थोडं कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेली तेव्हा त्यांनी मायेनं विचारलं, की घरची आठवण येते का, इथल्या हिवाळ्यात पुष्कळांना असं होतं. मनाला उभारी देणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. मीनलनं त्याही खाल्ल्या. ओळखीच्यांच्या जेवणावळींत प्रत्येकाकडं उपाय होता. एकानं पहाटे गरम पाण्यात मध घ्यायला सांगितलं, एकीनं कुलदैवताचं काही राहिलं आहे का ते विचारायला सांगितलं, आणि एका काकूंनी सगळ्यांसमोर निदान करून टाकलं, की हिला नोकरी नाही, रिकामं मन आहे. मीनल हसली. नाव नसलेल्या दुखण्याचं असंच होतं, जो तो त्याला आपल्या पसंतीचं नाव ठेवतो.

पण लेकरू काही आईचं निदान व्हायची वाट बघत थांबत नाही. त्याला सकाळी दूध लागतं, वेणी लागते, गोष्ट लागते. मीनलनं आडव्यानं आई व्हायची रीत शोधून काढली. रेवती पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसायची आणि मीनल उशीवरून हात लोंबता सोडून तिची वेणी घालायची; एखादी अर्धी राहिली तरी रेवती तक्रार करत नसे. चिवड्याचा डबा, केळी, प्लास्टिकचा पेला, सगळं तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर आलं. बऱ्या दिवशी मीनल ढीगभर कांदा चिरून फ्रीझरमध्ये टाकी, वाईट दिवशी तो उपयोगी पडे. आणि एक खेळ होता, त्याचं नाव डोंगर. आई डोंगर व्हायची, पांघरुणाखाली गुडघे वर करून, आणि रेवती तिच्यावरून मोटारी चालवायची. डोंगरानं बोलायचं नसतं, हलायचं नसतं. त्यामुळं डोंगर झोपला तरी चालायचं.

सकाळी डोळे उघडले, की रेवती समोर उभी असायची. "आई, आज तू ऊन आहे की धुकं आहे?" एडिनबरात जन्मलेलं पोर, हवेशिवाय दुसरं काय विचारणार. मीनल खरं सांगायची. ऊन म्हणाली की रेवती बूट शोधायला पळायची, धुकं म्हणाली की मोटारींची पेटी ओढत आणायची. त्या विचारण्यात कुरकुर नव्हती, आणि तेच मीनलच्या जिवाला लागायचं. साडेचार वर्षांचं पोर आईची हवा बघून स्वतःचा दिवस ठरवतं, हे काही बरं नव्हे. मीनल लेकीला निरखायची, लेक आईला निरखायची. गॅस बंद केला का, दाराला साखळी लावली का, हे बघायला मीनल पुन्हा पुन्हा उठायची, आणि बघून आल्यावर बघितल्याचं तिला आठवायचं नाही.

ब्याण्णवच्या सप्टेंबरात ते बसचं झालं. नर्सरीतून घेऊन येताना पाऊस होता. दोघी नेहमीच्या बसमध्ये चढल्या, काचा वाफेनं धुरकटलेल्या. मीनलनं बोटानं काच पुसली आणि बाहेर बघितलं, तर तिला ओळखीचं काहीच दिसेना. दुकानं होती, झाडं होती, चर्च होतं, पण कुठं उतरायचं ते मनातून कुणी काढून नेल्यासारखं झालं. रेवतीचा हात तिनं इतका घट्ट धरला, की पोर कळवळलं. विचारावं तर कुणाला आणि काय? की मला माझं घर कुठं आहे ते सांगा? बस शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर मागं वळून बघायला लागला, तेव्हा रेवतीनं उभी राहून नर्सरीत पाठ करून घेतलेला घरचा पत्ता कवितेसारखा म्हणून दाखवला. त्यानं त्याच बसमधून त्यांना परत आणलं.

मीनलनं ते घरात सांगितलं नाही. रात्री जेवताना रेवतीनंच सांगितलं. "आज आम्ही बसचा एंडपर्यंत गेलो. मग मी आईला घरी आणला."

श्रीकांतनं हातातला घास ताटात ठेवला. तो तापट माणूस नव्हता. विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि घरातही सगळ्या प्रश्नांना पायरी पायरीनं उत्तर काढायचा. त्यानं मीनलला एका शब्दानं दोष दिला नाही. पण त्या शनिवारी त्यानं आईला फोन केला, आणि ठरलं ते असं: यमुनाबाई दिवाळीला येतील, आणि जानेवारीत परत जाताना रेवतीला घेऊन जातील. सहा महिने. मीनलला बरं वाटेपर्यंत.

यात जगावेगळं काही नव्हतं. इथल्या कितीतरी घरांनी हे केलं होतं. मीनलची लेस्टरची मावसबहीण आशा, बेलग्रेव्ह रोडच्या मागं राहणारी, मोज्यांच्या कारखान्यात पाळ्या करणारी; तिनं मुलगा राजीव पाच वर्षांचा असताना सहा महिन्यांसाठी कोल्हापूरला पाठवला होता. राजीव आता आठवीत होता, कोल्हापुरातच. मीनलनं तिला फोन केला तेव्हा आशा नेहमीसारखी खळखळून हसली. "पाठव गं, सुटशील. पोरं तिकडं मस्त वाढतात. मला बघ, घर कसं शांत." आणि जरा थांबून म्हणाली, "फार शांत."

मीनलला नाही म्हणता येईना. म्हणणार कशाच्या जोरावर? बसमधली बाई तिनं स्वतः बघितली होती. उद्या रस्ता ओलांडताना तिचं असं झालं तर? श्रीकांतच्या ठरवण्यात खोट काढायला जागा नव्हती. जानेवारी, जानेवारी. रेवतीचे लहान झालेले स्वेटर बाजूला काढताना, मोठे आणायचे की नाही याच विचाराशी ती अडायची. तिकडं स्वेटर लागणार नाहीत.

यमुनाबाई ऑक्टोबरात आल्या. विमानतळावरच्या त्या वाक्याचा त्यांनी उच्चारही केला नाही. नऊवारीवर लेकाचा जाड स्वेटर, पायात त्याचेच मोजे, अशा वेषात त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. घर बऱ्याच महिन्यांनी वेळेवर जेवू लागलं. रेवती आज्जी आज्जी करत त्यांच्या पदराला लोंबकळू लागली. मीनल पलंगावरून ते ऐकायची. बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, की ही जाण्याची तालीमच चालली आहे.

दिवाळीची पहिली आंघोळ आली. बाहेर काळोख, बाथरूमच्या खिडकीवर दव, आणि पाटाऐवजी रेवतीचं दात घासायचं स्टूल. यमुनाबाईंनी आधी लेकाला तेल लावलं. श्रीकांतनं थंडीनं कुडकुडत लहान मुलासारखी तक्रार केली. मग रेवतीला. आणि मग त्यांनी वाटी तशीच हातात धरून हाक मारली, "मीनल, ये."

मीनल म्हणाली, की मी लावून घेईन माझं माझं. इथं आल्यापासून ती तसंच करत होती. माहेर पाच हजार मैलांवर; तिला तेल लावणारं होतं कोण?

"हात पोचेल तिथं तू लाव," यमुनाबाई म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

ती बसली. त्या म्हाताऱ्या खरखरीत तळव्यांत इतका जोर होता, की मीनलच्या डोळ्यांत आपोआप पाणी आलं. खांदे, पाठ, कंबर. हात फिरत होते आणि दुखऱ्या जागी न विचारता हलके होत होते. मग त्या खाली बसल्या, पाय चोळू लागल्या, आणि डाव्या पोटरीच्या मागं हात थांबला. पुढं गेला, परत आला.

"रेवती, मोठा दिवा लाव गं."

मीनलनं वळून बघायचा प्रयत्न केला. दिसलं नाही. यमुनाबाई अंगठा फिरवत होत्या. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, निळसर, दाबली की चुण्या पडत होत्या. इथं काय लागलं होतं, त्यांनी विचारलं. काही नाही, मीनल म्हणाली. मग काय झालं होतं?

अंगावर तेल, स्टूलवर बसलेली, समोर लेक उभी. खोटं बोलायला आडोसाच नव्हता. तिनं सांगितलं. वर्तुळ, ट्यूब, वेगळा टॉवेल, सगळं. तिला वाटलं होतं त्या नाक मुरडतील. त्या म्हणाल्या, "गजकर्ण मी आयुष्यभर बघितलंय, पोरांचं आणि वासरांचंही. ते कातडं असं खात नाही. डॉक्टरला दाखवलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

"शहाणी आहेस," यमुनाबाई म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावर ऊन पाण्याचा तांब्या ओतला.

दिवाळी झाल्यावर त्या स्वतः दवाखान्यात आल्या. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. नेहमीचे डॉक्टर रजेवर, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होती. मीनल सवयीप्रमाणे थकवा, झोप, विसर यांची जपमाळ ओढू लागली, तोच यमुनाबाईंनी खुर्चीतून उठून सुनेची सलवार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि बोट ठेवलं. डॉक्टरीणबाई खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आजवर कुणी न विचारलेलं विचारलं: हे दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही कुठं गेला होता? गवतात? वर्तुळ होतं का, पसरत गेलेलं? होतं, तर ते आजवर कुणाला दाखवलं का नाही?

मीनलला उत्तर होतं, पण त्याला इंग्रजी सापडेना.

रक्त लांबच्या प्रयोगशाळेत गेलं. निकाल यायला इतके आठवडे लागले, की दारातली टपालाची फट वाजली तरी मीनल दचकायची. शेवटी आला. लाइम. गोचिडीतून येणारा रोग. ते ऐकल्यावर मीनलला पहिलं काय वाटलं, तर हायसं. दुखण्याला नाव मिळालं. आणि दुसऱ्याच श्वासाला धडकी भरली, की रेवती? मोज्याच्या काठावरचा तो ठिपका? डॉक्टरीणबाईनं रेवतीला तपासलं, रक्तही पाहिलं, काही नव्हतं. तरी मीनल रोज रात्री झोपलेल्या पोरीचे पाय टॉर्चनं बघत राहिली.

हॉस्पिटलात राहून शिरेतून औषध घ्यायचं झालं. त्या दिवसांत रेवती आज्जीबरोबर भेटायला यायची, पलंगाशी उभी राहून नळीकडं बघायची आणि विचारायची, "आज ऊन?" घरी आल्यावर गुडघ्यांची सूज ओसरली. बादली उचलता येऊ लागली. चमचा हा शब्द बहुतेक वेळा जागेवर सापडू लागला. पण धुक्याचे दिवस गेले नाहीत. डॉक्टरीणबाईनं हातचं न राखता सांगितलं, की फार उशीर झाला होता; काही सुधारेल, काही मागं राहील, किती दिवस ते मला सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ते निघालंच. तिकिटं कपाटावर होती. श्रीकांत टेबलाशी बसून शांतपणे बोलला. बरं व्हायला वेळ लागणार हे आता कळलं आहे, म्हणजे रेवतीला पाठवण्याची गरज वाढली, कमी झाली नाही. शिवाय त्यात वाईट काय? तो स्वतः चार वर्षांचा असताना आईला क्षय झाला होता, तेव्हा त्याला नाशिकला मामाकडं ठेवलं होतं, चांगली दोन वर्षं. मामीनं लाड केले. "मला काय झालं?" त्यानं विचारलं.

मीनल ओट्याला टेकून उभी होती. तिला वाटलं आता सासूबाई मान डोलावतील आणि संपेल. यमुनाबाई मेथी निवडत होत्या.

"तुला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "परत आलास तेव्हा गुटगुटीत होतास. मला 'त्या बाई' म्हणायचास."

श्रीकांत हसायला गेला.

"हसू नकोस. त्या बाईंना सांग मला पाणी दे, असं वडिलांना सांगायचास. पडलास, लागलं, की मामी मामी करून रडायचास, आणि मी उचलायला गेले की हातपाय झाडायचास. आई म्हणायला तुला पुढची दिवाळी उजाडली. मी खडखडीत बरी झाले होते, श्रीकांत. बरी होऊन बसले होते, आणि मुलगा परक्याचा." त्यांनी मेथीची जुडी टेबलावर आपटली. "मी जानेवारीत जाईन. पोरगी माझ्याबरोबर येणार नाही."

श्रीकांत आईकडं असा बघत होता, की जणू त्यालाच कुणीतरी आत्ता नाशिकहून आणून उभं केलं आहे. मग मीनलला वाटलं, आता आपण बोललो नाही तर ही लढाई सासूबाईंची होईल.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "बसची, रस्त्याची, सगळ्याची. ती वाटतच राहणार. पण मी आडवी असले तरी इथं आहे, हे तिला माहीत आहे. मी नसते तेव्हा कसं असतं, ते तिला नको शिकवूस."

पलीकडच्या खोलीत रेवती मोटारी चालवत होती. त्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. मग तो पुन्हा सुरू झाला.

एक तिकीट परत गेलं. श्रीकांतनं साहेबाशी बोलून कामाची वेळ बदलून घेतली, आणि नर्सरीतून आणायचं काम त्याच्याकडं आलं. कुकरच्या शिट्ट्या त्याला मोजता येईनात, भात चिकटायचा. त्यानं फ्रीझरमध्ये कांदा चिरून भरला तो इतका मोठा, की रेवती म्हणाली बाबानं कांदा तोडला. यमुनाबाई जाताना विमानतळावर लेकाला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. काय, ते दोघांनीही सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी तो तेलाची वाटी घेऊन बाथरूमच्या दारात उभा राहिला, कानापर्यंत लाजलेला, आणि म्हणाला, "बस. पाठ बघायचीय."

या वेळी कुणी हसलं नाही. रेवती मात्र स्टूल आणायला पळाली.

आता ब्याण्णव सरून त्र्याण्णवचा उन्हाळा आला आहे. ऑगस्टमध्ये रेवती शाळेत जाईल. काही दिवस ऊन, काही दिवस धुकं. मीनल जिन्याच्या वळणावर अजून थांबते. नेच्याच्या रानात ती गेली नाही, पण रेवतीला डोंगरावर नेऊ द्यायचं तिनं यंदा कबूल केलं आहे, लांब मोजे आणि परतल्यावर दिव्याखाली उभं राहणं, या अटीवर. तिघांनीही, एकमेकांना दाखवत.

तिची झोप उडवते ती आशा. वसंतात आशा कारखान्याच्या सहलीला गेली होती, कुठल्याशा जंगलाकाठी तंबूत राहिली. त्यानंतरच्या फोनवर ती हसली, पण उशिरा हसली. अंग मोडून आलं आहे, थकवा आहे, बाकी मी ठीक आहे गं, म्हणाली. पाळीला जाते, परत येते, झोपते. मांडीवर काहीतरी उठलं होतं, गेलं मलमानं. कसलं मलम, मीनलनं विचारलं, तर आशा म्हणाली, अगं डब्यातलं. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर म्हणाली, बघू. आणि गेले कितीतरी दिवस ती फोनच उचलत नाही. शेजाऱ्यांचा नंबर मीनलकडं नाही. लेस्टरपर्यंतचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि श्रीकांतला रजा महिनाअखेरीशिवाय मिळत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांत कुणी लेस्टरला असाल, तर मीनलचं तुमच्याकडं मागणं आहे. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत हिरव्या दाराचं घर आहे, खिडकीत राजीवचा शाळेतला फोटो बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेला. बेल वाजवा, लगेच निघू नका, तिला दारापर्यंत यायला वेळ लागेल. ती म्हणेल मी ठीक आहे. चहा देईल, हसेल. तिचं ऐकू नका. तिला बसवा, आणि विचारा, की बाई, तुझी पाठ कोण बघतं?